‘टेन्शन सोड, मग राहील!’

दादरला चढले. लेडीज डब्यात शेजारच्या बाई मूल होत नसलेल्या एका तिशीतल्या मुलीला समजावत होत्या, “अगं, टेन्शन सोड. माझ्या नणंदेनं नाद सोडला आणि पुढच्याच महिन्यात राहिलं!” मुलगी हसली आणि खिडकीबाहेर बघत बसली. आता तिला नवी काळजी, की आपण काळजी करतो म्हणूनच राहत नाही की काय.

तसं नाही. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यासांचा, साडेतीन हजारांवर बायकांचा एकत्रित आढावा आला होता. आयव्हीएफसारख्या वंध्यत्वाच्या उपचाराआधी बाई किती तणावात आहे, याचा उपचाराच्या त्या फेरीत गर्भ राहण्याशी संबंध दिसला नाही. म्हणजे तणावावर, नैराश्यावर उपचार घ्यायचे ते तिला बरं वाटावं म्हणून. ‘तणावमुक्त गर्भधारणे’ची शिबिरं विकणारे आणि अंगारा देणारे बाबा, मला तरी एकाच माळेचे मणी वाटतात.

जाच होतो तो मनाच्या रवंथाचा, तेच तेच उगाळत बसण्याचा. गाईच्या रवंथातून निदान चारा पचतो. १९८९च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपाच्या दोन आठवडे आधी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-हुक्सेमा यांनी योगायोगानं विद्यार्थ्यांची मानसिक पाहणी करून ठेवली होती. ज्यांना आधीपासूनच मनातलं उगाळत बसायची सवय होती, ते भूकंपानंतर जास्त खचलेले आढळले.

मन असं का करतं? हवं ते आणि हाती असलेलं यांत अंतर पडलं की मन त्या विषयाकडे पुन्हापुन्हा वळतं. ध्येय गाठलं किंवा सोडून दिलं, की हे थांबतं. वंध्यत्वात दोन्ही होत नाही, कारण दर महिन्याला आशा नव्यानं उभी राहते. १९८६ साली केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्यानंतर प्रयोगशाळा कुठच्या कुठे गेल्या. गर्भ गर्भाशयात सोडल्यावर (ट्रान्सफर) बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंतचे ते जवळपास दोन आठवडे मात्र तसेच राहिले. त्यात मन विचारतं, “मलाच का?” या प्रश्नाला उत्तर नसतं, पण विचारताना आपण काहीतरी सोडवतोय असं वाटतं. म्हणून तो सुटत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांची रवंथावरची उपचारपद्धती नेमकी इथे हात घालते. ‘का’ची जागा ‘काय’ आणि ‘कसं’ घेतात: “शुक्रवारी डॉक्टरांना काय विचारू? आजची संध्याकाळ कशी काढू?” शिवाय रवंथ कधी सुरू होतो, याची नोंद ठेवायची. बहुतेकदा तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या निमित्तानं येतो. सवय म्हटली की ती मोडण्यापेक्षा बदलणं सोपं. माइंडफुलनेसवर, म्हणजे सजगतेवर, आधारलेली आठ आठवड्यांची पद्धतही आहे. तिच्यात विचार पळवून लावायचा नसतो, ‘हा विचार आहे’ एवढंच ओळखायचं असतं. समुपदेशक परवडत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

समजा, नोंदीत दिसलं की रात्री अकराला फॅमिली ग्रुपवर बारशाचे फोटो आले, की चक्र फिरू लागतं. मग फोन पालथा घालायचा, उठायचं आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं. पहिले आठ-दहा दिवस हे खुळचट वाटतं.