पाचव्या महिन्यातली ‘वार खाली’ आणि नवव्या महिन्यातली

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीवर ‘लो लाईंग प्लासेंटा’, म्हणजे वार (बाळाला पोसणारी प्लासेंटा) खाली, असं लिहून आलं की खाटेच्या पायथ्याशी विटा लागतात, सून आडवी पडते आणि घर सिझरच्या पैशाला लागतं. विटांनी वार वर जात नाही. ती चिकटली तिथंच असते. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भपिशवीचा खालचा भाग ताणून मोठा होतो, म्हणून वारेची कड पिशवीच्या तोंडापासून लांब जाते. दहातल्या साधारण नऊ जणींचं असंच होतं. श्रेय मात्र विटांना नाहीतर तेल लावणाऱ्या बाईला.

खरा प्रश्न ३२ आठवड्यांचा, आणि नेमकी तीच सोनोग्राफी राहते. ‘एकदा झाली ना!’ म्हणून. तेव्हाही वार खालीच असेल तर ३६ व्या आठवड्यात पुन्हा. रिपोर्टात सेंटिमीटर मागा. कड तोंडापासून २ सेंमी किंवा जास्त लांब असेल तर नॉर्मलची वाट मोकळी. त्याहून जवळ म्हणजे ‘लो लाईंग’, तिथं डॉक्टरांनी ठरवायचं. तोंडच झाकलं असेल तर ती प्रीव्हिया, मग सिझरच. आधीचं सिझर असेल तर वार जुन्या टाक्यांत रुतली का, हेही विचारा.

हे अंतर खालून (योनीमार्गातून) केलेल्या सोनोग्राफीतच नीट कळतं. पोटावरून बाळाचं डोकं आड येतं, भरलेल्या लघवीच्या पिशवीनं वार उगाच खाली दिसते. वार खाली असताना ‘आत काही घालू नका’ म्हणतात, ते बोटांबद्दल आहे: बोट तोंडात शिरून वार फाडू शकतं, प्रोब (सोनोग्राफीची नळी) तोंडाच्या अलीकडेच थांबतो.

प्रीव्हियात कळांची वाट पाहायची नसते. रक्तस्राव नसला तरी सिझर ३६ ते ३७ आठवड्यांदरम्यान, रक्त मिळेल अशाच दवाखान्यात. मेळघाटात, भामरागडात नाल्याला पूर आला की रस्ता बंद. म्हणून ३४ व्या आठवड्यापासूनच जिल्ह्याच्या गावी नातेवाइकाकडे राहावं. आरोग्य केंद्राजवळचं माहेरघर (बाळंतपणाआधी राहायची सोय) इथं पुरत नाही, तिथं ना रक्त ना ऑपरेशन. हिमोग्लोबिन, रक्तगट, सिकलसेलचा रिपोर्ट पिशवीत. रक्त देणारे दोघं ठरलेले.

पोट न दुखता अंगावरून लालभडक गेलं तर १०८. (पोट दगडासारखं कडक होऊन दुखलं तर वार सुटली असेल, धावपळ तीच.) पहिला रक्तस्राव पुष्कळदा थोडाच असतो, आपोआप थांबतो. थांबला म्हणून घरी राहू नका, पुढचा किती जाईल हे त्यावरून कळत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण पोचल्या पोचल्या करून द्या.