सोर्स एसडीके आणि सोर्स एसडीके बेस: नावात भाऊ, कामात वेगळे

स्टीम या गेम-दुकानाच्या ॲपमध्ये लायब्ररीत ‘टूल्स’वर खूण केली की ‘सोर्स एसडीके बेस २०१३’ समोर येतं. मॉड, म्हणजे तयार खेळात बदल करून केलेला नवा खेळ, बनवायला निघालेला नवखा ते इन्स्टॉल करतो आणि मग सी++चा कोड शोधत फोल्डर उपसत बसतो. कोड तिथे नसतोच.

बेस म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स या गेम-इंजिनाची चालती प्रत, मॉड खेळणाऱ्यांसाठी. फुकट आहे, आणि सिंगलप्लेयर-मल्टिप्लेयर अशी दोन वेगवेगळी. आपला मॉड कोणत्या बेसवर चालायचा ते त्याच्या गेमइन्फो या माहिती-फाइलमधला स्टीम ॲप-क्रमांक ठरवतो: सिंगलप्लेयरला २४३७३०, मल्टिप्लेयरला २४३७५०. घोळ वाढतो तो हॅमर या नकाशा-संपादकामुळे, कारण तो बेसच्याच बिन फोल्डरात बसलेला असतो. म्हणजे नुसते नकाशेच करायचे असतील तर बेसवर भागतं.

खेळाचे नियम, शस्त्रं, शत्रूंची अक्कल बदलायची असेल तर मात्र ‘सोर्स एसडीके २०१३’ हवं, म्हणजे खेळाचा सी++ कोड. तो गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यात टीम फोर्ट्रेस २ या खेळाचाही कोड आला. आता तो व्हिज्युअल स्टुडिओ २०२२वर कंपाइल होतो, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम बनतो. जुन्या ट्यूटोरियलमधला व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ घेऊन बसलात तर दुपार वाया.

खरी गंमत अपडेटची. बेस स्टीम परस्पर अपडेट करतं. गिटहबवरून घेतलेला कोड मात्र तुम्ही पुल करेपर्यंत (नवे बदल उतरवून घेईपर्यंत) जागचा हलत नाही. एक पुढे गेलं आणि दुसरं मागे राहिलं, की जुन्या इंजिनासाठी कंपाइल केलेल्या मॉडच्या डीएलएल (प्रोग्रामच्या) फाइली नव्या इंजिनाशी जुळत नाहीत. २०२५मध्ये मल्टिप्लेयर बेस ६४-बिटकडे वळला तेव्हा कित्येक जुने मॉड असेच आडवे झाले. खेळाडूपुरता उपाय सोपा: बेसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बीटाज’ उघडून मॉडकर्त्याने सांगितलेली जुनी शाखा निवडायची. मॉडकर्त्याला मात्र नवा कोड आपल्या कोडात मर्ज करून (मिसळून) सगळं पुन्हा कंपाइल करावं लागतं. व्हॉल्व्हच्या फाइलींत जागोजागी खरडलेलं असेल तर त्या मर्जमध्ये रडू येतं. म्हणून मी शक्य तेवढं स्वतःच्या वेगळ्या फाइलींत लिहितो.

मॉडचा फोल्डर स्टीमच्या सोर्समॉड्स फोल्डरात टाकल्यावर स्टीम बंद करून पुन्हा सुरू करा, तरच तो यादीत दिसतो. आणि ‘काल चालत होता, आज उघडत नाही’ अशी तक्रार आली, तर स्वतःचा कोड चाळण्याआधी बेस शेवटचा कधी अपडेट झाला ते बघा.