सूत तुटलं नाही, तरी आवाज गेला

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. तिथल्या एका मावशींच्या गळ्यावरची बोराएवढी गाठ बघता बघता लिंबाएवढी झाली. थायरॉइडची गाठ. ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी भुलीचं विचारलं नाही, टाक्यांचंही नाही. "गळ्याचं ऑपरेशन केल्यावर आवाज जातंय म्हणे, खरं का?"

मावशींनी वर्मावरच बोट ठेवलं होतं.

थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला पुढून बिलगलेली असते. तिच्या मागे, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेजवळून, दोन्ही बाजूंना एकेक पांढरी नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) स्वरयंत्राकडे जाते. जाडी जेमतेम दोनेक मिलिमीटर. हिची वाट मोठी गमतीची. मेंदूतून निघालेल्या व्हेगस या मोठ्या नसेची ही फांदी, पण गळ्याशी न थांबता ती आधी खाली उतरते. उजवी नस हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालते, डावी तर छातीत महाधमनीपर्यंत जाते, आणि मग दोघी उलट्या वर येतात. सोलापुरातून अक्कलकोटला निघावं आणि आधी पंढरपूर गाठावं, तसला प्रकार! माशांसारख्या आपल्या पूर्वजांना मान नव्हती, तेव्हा ही वाट सरळ होती. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, नस मात्र रक्तवाहिनीखाली अडकून ताणत गेली. जिराफात हा वळसा चार मीटरांहून लांब भरतो.

दुसऱ्या शतकात गेलन या वैद्यानं रोममध्ये किंचाळणाऱ्या डुकराच्या या नसा सर्वांसमक्ष कापल्या. डुक्कर धडपडत राहिलं, आवाज बंद झाला.

माणसात एका बाजूची नस दुखावली तर आवाज घोगरा होतो, त्यात हवा मिसळते, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही दुखावल्या तर स्वरतंतू मधोमध अडकून श्वासच कोंडू शकतो. गळ्यात आणखी एक बारीक नस असते, ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळ. ती गेली तर बोलणं जमतं, पण वरची पट्टी लागत नाही. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत 'हर्र'चा गजर करणाऱ्याला हे लगेच कळेल.

पूर्वी सर्जन नसेच्या वाटेलाच जात नसत. १९३८ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक लाही यांनी उलट सांगितलं: आधी नस शोधा, ती डोळ्यांसमोर ठेवा, मग ग्रंथी काढा. आज हीच रीत आहे.

तरीही एक फसगत उरते. ग्रंथी उचलताना नस ताणली जाते, रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाची धगही तिला लागू शकते. दिसायला मात्र ती अखंड! तुटलेला धागा मागावर लगेच दिसतो. ताणानं दमलेला धागा दिसत नाही. म्हणून हल्ली नसेलाच विचारतात. श्वासासाठी घातलेल्या नळीवर इलेक्ट्रोड असतात, ते स्वरतंतूंना टेकलेले. सर्जन नसेला साधारण एक मिलिअँपिअरचा झटका देतो, स्वरतंतू हलतो आणि यंत्र टुणकन वाजतं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल तेव्हा उतरलेला लागतो, नाहीतर नस धड असूनही यंत्र गप्प बसेल.

कायमची इजा यानं नेमकी किती टळते, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. माझ्या मते याचा मोठा उपयोग वेगळाच आहे. पहिल्या बाजूची नस उत्तर देईनाशी झाली, तर सर्जन दुसरी बाजू पुढे ढकलू शकतो आणि दोन्ही नसा एकदम जाण्याचा धोका टळतो. नातेवाइकांना 'अर्धंच ऑपरेशन' म्हणजे डॉक्टरांची चूक वाटते. तो खरा शहाणपणा असतो. ताणलेली नस बहुधा काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांत सावरते. दुसरी बाजू तोवर थांबू शकते.

एका बाजूचा स्वरतंतू निकामी असूनही आवाज ठीक वाटू शकतो, म्हणून मावशींच्या गळ्यात ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही दुर्बीण घातली. दोन्ही स्वरतंतू हलत होते. आवाज बसला होता, पण तो श्वासाच्या नळीमुळे. मागावर परत कधी जाऊ, हे विचारण्यापुरता तो पुरला.