खिमा-चीज भरलेली भोपळी मिरची: मुंबईच्या कढईपर्यंतचा प्रवास

भोपळी मिरचीत खिमा आणि चीज भरायची परदेशी कृती उघडली, तर त्यात बहुधा कच्चा खिमा, थोडा भात, टोमॅटोचा सॉस आणि तासाभराची भट्टी असते. मुंबईतल्या मराठी घरात हाच पदार्थ वेगळा होतो. खिमा कांदा, आलं-लसूण आणि घरच्या मसाल्यावर आधी पूर्ण शिजवून कोरडा करतात, मग मिरचीत भरतात, कढईत थोड्या तेलावर ठेवून झाकण घालतात आणि उतरवायच्या जरा आधी वर चीज किसतात. लोक याला देशी जुगाड म्हणतात, ते मला पटत नाही. या शहरातल्या घरांनी आणि चुलींनी ठरवलेली ही स्वतंत्र रीत आहे.

सगळ्या मिरच्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. कोलंबसाच्या सफरींनंतर त्या स्पेनमध्ये पोचल्या आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. गोवा त्यांनी १५१० साली घेतलं, वसई आणि मुंबईची बेटं १५३४ साली. त्याआधी कोकणातल्या जेवणाला तिखटपणा यायचा तो मिऱ्यांचा आणि पिंपळीचा. तिखट मिरची आपण इतकी आपलीशी केली की ती परकी होती हे सांगूनही खरं वाटत नाही. भोपळी मिरची मात्र बरीच नंतर, इंग्रजी अमदानीत रुळली. जात तीच, पण एका जनुकातल्या बदलामुळे तिच्यात कॅप्सेसिन तयार होत नाही, म्हणून ती तिखट लागत नाही. अमेरिकेत १९२०च्या दशकात ‘कॅलिफोर्निया वंडर’ हे जाड सालीचं, चौकोनी ठेवणीचं वाण आलं. भरण्यासाठी जणू बेतूनच केलेलं. पुढे ते भारतातही लावलं जाऊ लागलं.

भाजी भरून शिजवणं आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. भरली वांगी, भरली भेंडी, भरलेलं पापलेट हे सगळं घरात होतंच. त्यामुळे भोपळी मिरची आली तशी तिच्यात बेसन, दाण्याचं कूट, गोडा मसाला जाऊ लागला. मांस भरण्याची सवय मात्र मुंबईच्या शेजारामुळे वाढली, असं मला वाटतं. वसई-वांद्र्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती, बटाट्याच्या पारीत खिमा भरून पोटॅटो चॉप करत आले आहेत. इराण्यांच्या हॉटेलांनी खिमा-पाव गिरणगावापासून फोर्टपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसवला. एकोणिसाव्या शतकात बगदादी ज्यू व्यापारी मुंबईत स्थिरावले. त्यांच्याकडे ‘महाशा’ होतो: मिरची, टोमॅटो, काकडी कोरून त्यात तांदूळ आणि मांस भरतात. पण ज्यू धर्मनियमानुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे तिथे चीजचा प्रश्नच नाही. मराठी बोलणारे कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायलही, याच कारणाने मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध घालतात. म्हणजे भरलेली मिरची शहरात होती, पण चीजशिवाय.

चीजची गोष्ट मुंबईच्या दुधाशी जोडलेली आहे. पारशांचं टोपली पनीर जुनं, पण ते नरम आणि पाणीदार, वितळून तार धरणारं नव्हे. डब्यातलं विलायती चीज ज्यांना परवडे त्यांच्यापुरतं. १९४५ साली मुंबई सरकारच्या दूध योजनेसाठी खेडा जिल्ह्यातून दूध आणायचं ठरलं आणि खरेदीचा मक्ता पोल्सन कंपनीकडे गेला. शेतकऱ्यांनी दूध घालणं थांबवलं, आणि त्या संघर्षातून १९४६ साली आणंदची सहकारी संस्था उभी राहिली, तीच पुढची अमूल. दूध होतं म्हशीचं, आणि त्याची भुकटी होणार नाही असं परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. अमूलचे दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी १९५५च्या सुमारास ती करून दाखवली, पुढे त्याच दुधाचं चीजही झालं. मुंबईच्या कढईला हे प्रोसेस्ड चीज फार मानवलं. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते वितळताना तेल आणि घट्ट भाग वेगळे होत नाहीत, नुसत्या झाकणाखालच्या वाफेवरही सारखं पसरतं. चेडरसारखं जुनं मुरलेलं चीज अशा वेळी पुष्कळदा तेल सोडतं.

आता भट्टीचं. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे शेगडी नाहीतर प्रायमस स्टोव्ह, ओव्हनला जागा कुठली? दिवाळीची नानकटाईसुद्धा पत्र्यांवर मांडून गल्लीतल्या बेकरीत भाजायला जायची. रोजच्या जेवणासाठी कोण बेकरी गाठणार! जे काही करायचं ते कढईत. आणि कढईत कच्चा मटण खिमा भरून चालत नाही. मिरची पंधराएक मिनिटांत मऊ पडते, खिमा तेवढ्यात शिजत नाही, वर त्याचं पाणी सुटून तळ गिळगिळीत होतो. म्हणून खिमा आधी शिजवून, पाणी पूर्ण आटवूनच भरायचा. मिरची उभी चिरून होडीसारखी आडवी ठेवली की वाफ सगळीकडून लागते, झाकणही नीट बसतं.

पुढे घराघरांत गॅस आला, मग छोटे ओव्हनही आले. पॉलिहाऊसमधल्या लाल-पिवळ्या भोपळी मिरच्या दादरच्या मंडईत दिसू लागल्या. त्या पूर्ण पिकलेल्या असतात, म्हणून गोड. हिरव्या मिरचीचा किंचित कडवटपणा मसालेदार खिम्याला जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे. आणि ओव्हन असलेल्या घरांतही खिमा आधी कढईत परतूनच भरतात. ओव्हनचं काम शेवटची पाच-सात मिनिटं, वरचं चीज तांबूस करण्यापुरतं.