न्यू जर्सीची गव्हर्नर प्रायमरी: मत कोण देऊ शकतं, कागदपत्रं कोणती आणि उमेदवार कसा पारखायचा

एडिसन, जर्सी सिटीकडच्या कितीतरी मराठी घरांत आता अमेरिकी नागरिकत्व आलंय, पण मतदान म्हटलं की अजून नोव्हेंबरच आठवतो. खरी निवड त्याआधी, जूनच्या प्रायमरीत, म्हणजे प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत होते. २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा आणि रिपब्लिकन पक्षाचे पाच उमेदवार रिंगणात होते. त्यांतून मिकी शेरिल आणि जॅक चिॲटरेली पुढे गेले. पुढची गव्हर्नर निवडणूक २०२९ मध्ये.

पात्रता सरळ आहे: अमेरिकी नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण, काउंटीत किमान ३० दिवस वास्तव्य आणि मतदानाच्या २१ दिवस आधी नोंदणी. नोव्हेंबरपर्यंत १८ पूर्ण होणाऱ्या १७ वर्षांच्या मुलांनाही २०२६ पासून प्रायमरीत मत देता येतं. ग्रीन कार्ड किंवा एच-१बीवर असाल तर नोंदणी अजिबात करू नका. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणा. नजरचुकीने झालेली नोंदणीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते.

ऑनलाइन नोंदणीला लायसन्सचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा नंबर लागतो. तो नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे आणि सही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पक्षाची नोंद. तुमच्या नावापुढे पक्ष नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून त्याची मतपत्रिका घेता येते. त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षात होते. पण आधीच एका पक्षात असाल आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल, तर ५५ दिवस आधी फॉर्म भरावा लागतो. २०२५ मध्ये मतदान १० जूनला होतं, म्हणजे ही मुदत १६ एप्रिललाच संपली. प्रचार तापायच्या आत दार बंद! म्हणून उमेदवारांकडे वळण्याआधी राज्याच्या मतदार पोर्टलवर आपली नोंद उघडून बघा.

पारखताना या राज्यात गव्हर्नरच्या हाती काय असतं ते लक्षात ठेवा. इथे ॲटर्नी जनरल निवडून येत नाही, गव्हर्नर नेमतो. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही तोच सुचवतो, आणि बजेटमधली एखादी रक्कम तेवढी खोडू शकतो. तेव्हा ‘प्रॉपर्टी टॅक्स कमी करू’ एवढ्यावर भाळू नका. पैसा कुठून आणणार, शाळांचा निधी कापणार का, हे विचारा. देणगीदारांची यादी राज्याच्या निवडणूक कायदा अंमलबजावणी आयोगाच्या (ELEC) साइटवर खुली असते, ती जरूर चाळा. गव्हर्नरच्या जोडीने लढणारा लेफ्टनंट गव्हर्नरपदाचा (उपगव्हर्नर) उमेदवार मात्र प्रायमरीनंतर ठरतो, त्यामुळे जूनमधलं मत एकाच माणसाला पाहून द्यायचं असतं.

पूर्वी काउंटी पक्षाच्या पसंतीची नावं मतपत्रिकेवर एका रांगेत यायची आणि ती रांगच बहुतेकदा जिंकायची. तेव्हा सिनेटसाठी उभे असलेले ॲन्डी किम यांच्या २०२४ च्या कोर्टातल्या दाव्यानंतर ती पद्धत मोडली. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत दिसतात. म्हणून घरी येणारी नमुना मतपत्रिका फेकू नका, तिच्यावरच खुणा करून ठेवा. टपालाने मत देणार असाल तर लिफाफ्याच्या प्रमाणपत्रावर सही करा आणि प्रमाणपत्राचा भाग फाडू नका.