गोव्यातील वनसंवर्धन : निधी व व्यवस्थापन

जंगल राखायला पैसा कोठून येतो, तो कोणाच्या हातून खर्च होतो आणि राखणीची झळ कोणाला बसते, या तीन प्रश्नांभोवती वनसंवर्धनाचे अर्थकारण फिरते. विकसनशील देशांत या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा तीन वेगळ्या ठिकाणी सापडतात. जंगलातून झिरपणाऱ्या पाण्याचा लाभ शहरांना होतो, निधीच्या नाड्या राजधानीत असतात, आणि गव्यांनी वायंगण (उन्हाळी भातशेती) तुडवले किंवा वाघाने म्हैस नेली तर नुकसान रानाकाठच्या कुटुंबाचे होते. ३,७०२ चौ. किमी. एवढ्या लहान गोव्यात हा गुंता फार जवळून पाहायला मिळतो. पर्वरीच्या सचिवालयात फाईलवर सही झाली की तिचा परिणाम सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या पूर्वेकडच्या तालुक्यांत उमटतो.

व्याप्ती

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्याचा सुमारे ६० टक्के भूभाग वनाच्छादित आहे. हा आकडा वाचताना सावध राहायला हवे, कारण उपग्रहाला काजूची बाग, माडांचे कुळागर आणि सह्याद्रीतले सदाहरित रान सारखेच हिरवे दिसते. सरकारी नोंदीतले वनक्षेत्र याहून बरेच कमी आहे. राज्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. भगवान महावीर अभयारण्य (मोले), खोतीगाव आणि बोंडला ही १९६० च्या दशकातली. मोलेच्या १०७ चौ. किमी. भागाला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. चोडण बेटावरच्या खारफुटीत १९८८ पासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. म्हादई (२०८ चौ. किमी.) आणि नेत्रावळी (२११ चौ. किमी.) ही सर्वांत मोठी भर १९९९ मध्ये, राष्ट्रपती राजवटीच्या काळात, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या निर्णयाने पडली. त्यामुळे खाणपट्ट्यांना लागून असलेले सह्याद्रीचे सलग रान संरक्षणाखाली आले. लोकनियुक्त सरकार असते तर हे घडले असते का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की तिथल्या गावांना विचारून हा निर्णय झाला नव्हता, आणि ती सल सत्तरीत अजून आहे.

जगातील वाटा

गरीब देशांनी जंगल राखावे आणि श्रीमंत देशांनी त्याचा भार उचलावा, ही कल्पना १९८० च्या दशकात आकाराला आली. जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी १९८४ मध्ये परकीय कर्जाच्या बदल्यात निसर्गरक्षण असा प्रस्ताव मांडला. १९८७ मध्ये बोलिव्हियाचे साडेसहा लाख डॉलरांचे कर्ज एका अमेरिकी संस्थेने एक लाख डॉलरांत विकत घेऊन माफ केले आणि त्या बदल्यात बेनी भागातील जंगलाच्या संरक्षणाची हमी घेतली. कोस्टा रिकाने वेगळा मार्ग धरला. १९९६ च्या वनकायद्याने तिथे खासगी जंगलमालकाला पाणी, कार्बन, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या चार सेवांसाठी मोबदला मिळू लागला, आणि त्याचा मोठा हिस्सा इंधनावरील करातून आला. म्हणजे मोटार चालवणाऱ्याने रान राखणाऱ्याला दिलेले हे पैसे होते.

हवामानविषयक वाटाघाटींतून ‘रेड प्लस’ ही चौकट तयार झाली. २००७ मध्ये बालीला तिची सुरुवात झाली आणि २०१३ मध्ये वॉर्सा येथे नियम ठरले. जंगलतोड कमी झाल्याचे मोजून दाखवा आणि मग मोबदला घ्या, हे तिचे सूत्र. नॉर्वेने ब्राझीलच्या अॅमेझॉन निधीला २००८ मध्ये एक अब्ज डॉलरांपर्यंतचे आश्वासन दिले ते याच तत्त्वावर. इक्वेडोरची कहाणी मात्र खिन्न करणारी आहे. यासुनी राष्ट्रीय उद्यानाखालचे तेल जमिनीतच राहू देतो, जगाने आम्हाला ३.६ अब्ज डॉलर द्यावेत, असे त्या देशाने २००७ मध्ये सांगितले. २०१३ पर्यंत प्रत्यक्षात दीड कोटी डॉलरही जमले नाहीत आणि योजना गुंडाळली गेली. दुसऱ्याच्या दातृत्वावर रान उभे ठेवता येत नाही, हे त्यातून दिसले.

भारतात परदेशी पैशाचा वाटा तसा मर्यादित राहिला. जपानी कर्जावर काही राज्यांत मोठे वनप्रकल्प झाले, पण गोव्यातील वनखर्चाचा आधार मुख्यतः देशातलाच आहे.

तोडीतून येणारा पैसा

यातला सर्वांत ठळक झरा म्हणजे भरपाई वनीकरण निधी, ज्याला सगळे ‘कॅम्पा’ म्हणून ओळखतात. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेल्या आदेशातून तो जन्मला. रस्ता, खाण, वीजवाहिनी किंवा धरणासाठी वनजमीन घेणाऱ्याने पर्यायी लागवडीचा खर्च भरायचा, शिवाय गेलेल्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्यापासून पुढे मिळाले असते त्या लाभांची आजची किंमत, द्यायचे. २००८ मध्ये हा दर हेक्टरी सुमारे ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरला. २०२२ मध्ये तो साधारण दीडपट झाला. अभयारण्यातील जमिनीसाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट रक्कम आकारली जाते. २०१६ च्या कायद्याने निधीचा ९० टक्के हिस्सा राज्यांकडे व १० टक्के केंद्राकडे राहील असे ठरले, आणि २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांना वर्ग केली.

हा पैसा मोठा आहे, हिशेबात दिसणारा आहे आणि राज्याच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या ओढाताणीपासून बराचसा सुरक्षित आहे. त्याचा दोष त्याच्या उगमातच आहे. जंगल जितके तुटेल तितका निधी फुगतो. एखाद्या वर्षी काहीच तुटले नाही तर वनखात्याच्या पदरात नवे काही पडत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानुसार देशभरात जेवढी वनेतर जमीन बदली मिळायला हवी होती तिच्या जेमतेम २७ टक्के मिळाली, आणि लागवड झाली ती ७ टक्क्यांवर. गोव्यात तर रिकामी सरकारी जमीन शोधूनही सापडत नाही. मोलेतले शेदोनशे वर्षांचे झाड गेले आणि त्याच्या नावाने कुठल्याशा उजाड माळावर रोप लागले, तर कागदावर हिशेब जुळतो. पण त्या झाडाखालचा झरा, त्यावरचा धनेश आणि त्याच्या सावलीतली माती त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

मोलेच्याच निमित्ताने हा प्रश्न गोव्यातील घराघरांत पोचला. राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण, कॅसलरॉक-कुळे भागातील रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण आणि ४०० किलोव्होल्टची तमनार वीजवाहिनी, असे तीन प्रकल्प एकाच अभयारण्यातून जाणार होते. त्यांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची एप्रिल २०२० ची बैठक टाळेबंदीच्या दिवसांत दूरदृश्य पद्धतीने झाली. ‘आमचें मोलें’ या नावाखाली विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार आणि गावकरी एकत्र आले. नोव्हेंबर २०२० च्या आरंभी चांदर येथे हजारो माणसे रात्रभर रेल्वेरुळांवर होती. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने त्या प्रकल्पाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. भरपाईचे पैसे भरायची तयारी म्हणजे तोडीचा परवाना नव्हे, हे त्या निकालाने अधोरेखित केले.

उभ्या जंगलाचा मोबदला

जंगल उभे आहे म्हणून मिळणारा पैसाही आहे, पण तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना चौदाव्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला आणि पंधराव्या आयोगाने तो १० टक्के केला. गोव्यासारख्या हिरव्या राज्याला याचा फायदा झाला. मात्र ही रक्कम सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि तिच्यावर जंगलाचे नाव लिहिलेले नसते. ज्या पंचायतींच्या हद्दीतल्या रानामुळे ती आली त्यांच्यापर्यंत ती पोचवणारी तरतूद या सूत्रात नाही. पश्चिम घाटावरील माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये स्थानिक लोकांना संवर्धन सेवेचे शुल्क द्यावे असे सुचवले होते. त्या अहवालावर गोव्यात वाद झाला तो मुख्यतः बंदी आणि क्षेत्रांच्या सीमांवरून. शुल्काच्या सूचनेवर फारशी चर्चा झालीच नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पाण्याच्या बाबतीत ही उणीव आणखी टोचते. दक्षिण गोव्याला पाणी पुरवणारे साळावली धरण नेत्रावळीच्या डोंगरांवर अवलंबून आहे, आणि ओपा येथील प्रकल्पाला पाणी देणारी खांडेपार नदी मोलेच्या बाजूने उतरते. पणजी-मडगावच्या पाणीबिलातून काही पैसे पाणलोटातल्या गावांच्या वनराखणीसाठी बाजूला काढणे अवघड नाही. कोस्टा रिकाने जे देशपातळीवर केले ते तालुक्याच्या पातळीवर करून पाहण्यासाठी गोव्याइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल.

खाणींचा पैसा हा वेगळा विषय. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिज उत्खनन थांबवले. एप्रिल २०१४ च्या निकालात उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिजविक्रीच्या रकमेतील १० टक्के ‘गोवा लोहखनिज कायम निधी’त ठेवण्याचा आदेश दिला, जेणेकरून पुढच्या पिढ्यांनाही त्या संपत्तीचा वाटा मिळेल. याशिवाय २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. या निधीतून पोखरलेले डोंगर, गाळाने भरलेले ओहोळ आणि निकामी झालेली शेते सावरण्याचे काम होऊ शकते.

राखण कोणाची

व्यवस्थापन कागदोपत्री वनखात्याचे आहे. वनरक्षक, वनपाल, परिक्षेत्र वन अधिकारी अशी त्याची उतरंड. काजूच्या हजारो हेक्टर लागवडी गोवा वन विकास महामंडळाकडे आहेत आणि हंगामापूर्वी त्यांची पावणी (लिलाव) होते. पावणीची रक्कम हे महामंडळाचे ठाशीव उत्पन्न, पण एकाच जातीच्या लागवडीला वनसंवर्धन म्हणणे ताणूनच होईल.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी वणवे पेटले. वायुदल व नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती, तर डोंगरउतारावर वनरक्षक आणि गावची माणसे हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपत होती. उन्हाळ्याआधी आगपट्टे साफ करणे, रोजंदारीवरच्या राखणदारांची मजुरी वेळेवर देणे, पाणवठे जिवंत ठेवणे ही कामे स्वस्त असतात. उद्घाटनाची कोनशिला त्यांच्यावर बसवता येत नाही, म्हणून ती मागे पडतात.

वेळेवर न पोचलेल्या पैशाची किंमत किती असते हे जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे दिसले. एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विष घातल्याचे तपासात पुढे आले. या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही एका दुभत्या जनावरावर ज्याचे घर चालते, त्याला नुकसानभरपाई आठवड्यात मिळते की वर्षभर खेटे घालावे लागतात, यावर पुष्कळ काही ठरते.

या घटनेनंतर व्याघ्र प्रकल्पाची मागणी जोर धरू लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. व्याघ्र प्रकल्प झाल्यास केंद्राचा नियमित निधी, स्वतंत्र संवर्धन आराखडा आणि प्रतिष्ठान या गोष्टी येतात. स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासाठी १५ लाख रुपयांची तरतूद आहे. पण सत्तरी-सांग्यातील लोकांना भीती वाटते ती याच शब्दाची, स्थलांतराची. ही भीती खोटी ठरवायची असेल तर आधी त्यांच्या जमिनीचे हक्क कागदावर यायला हवेत.

हक्कांचा प्रश्न

वनहक्क कायदा २००६ चा. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला आणि या कायद्याखाली दहा हजारांच्या आसपास दावे दाखल झाले. जुन्या कुमेरी (डोंगरउतारावरच्या फिरत्या) शेतीच्या जागा, काजूच्या बागा, घराभोवतीचे तुकडे असे बहुतेक दाव्यांचे स्वरूप. पडताळणी वर्षानुवर्षे रेंगाळली. धनगर-गवळी समाज रानातच राहतो, पण जमातींच्या यादीत नसल्याने त्याला तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, जो मातीच्या घरात क्वचितच जपलेला असतो.

सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा आपले रान स्वतः राखू शकते, त्याचा आराखडा करू शकते. गोव्याला हे नवे नाही. केरीची आजोबाची राय, बांबर येथील निरंकाराची राय अशा देवराया गावाच्या श्रद्धेवर आणि नियमांवर टिकल्या. निरंकाराच्या राईतले रानजायफळाचे दलदली जंगल पश्चिम घाटात आता मोजक्याच ठिकाणी उरले आहे. त्याच्यासाठी कोणी प्रकल्प अहवाल लिहिला नव्हता. कॅम्पाच्या २०१८ च्या नियमांनुसार वनक्षेत्रातील कामे ग्रामसभेशी किंवा ग्राम वनव्यवस्थापन समितीशी सल्लामसलत करून व्हायची आहेत, आणि जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत व्यवस्थापन समिती आहे. या समित्यांकडे अधिकार आहेत, काही ठिकाणी उत्साही माणसेही आहेत; स्वतःचे खाते आणि त्यात दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारी रक्कम मात्र फार थोड्या समित्यांकडे आहे.