उंधेरा प्लेग-टोचणी

उंधेरा प्लेग-टोचणी : (फेब्रुवारी १८९८). बडोदे संस्थानातील उंधेरा गावी हाफकिन यांच्या प्लेगप्रतिबंधक लशीची झालेली चाचणी. साथ चालू असताना घराघरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचून उरलेल्यांना तसेच ठेवले गेले. एकाच छपराखालच्या माणसांची ही तुलना त्या काळातील प्लेगविषयक पुराव्यांत सर्वांत काळजीपूर्वक जमवलेली मानावी लागते.

गाव व रोगाचे नाव : इंग्रजी अहवालांत गावाचे नाव ‘उंधेरा’ असे असून ते बडोद्यापासून सहा मैलांवर असल्याचे सांगितले आहे. शहराच्या वायव्येस, गोरव्याच्या पुढे असलेले आजचे उंडेरा तेच असावे. उच्चारसाम्य आणि अंतर दोन्ही जुळत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठी लेखनात त्या काळी प्लेगला ‘ग्रंथिक सन्निपात’ किंवा ‘गाठीचा ताप’ म्हणत. गुजरातीत रूढ शब्द ‘मरकी’. बडोद्याच्या मराठी घरांतही तो कानावर येई.

पार्श्वभूमी : सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्याने दिलेल्या अधिकारांतून झडत्या, विलगीकरण, रेल्वे-तपासणी हे उपाय आले. पुण्यात त्यांच्या अंमलबजावणीतील जुलमाने लोक संतापले आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. बडोदे सयाजीराव गायकवाडांच्या अमलाखालील संस्थान असल्याने ब्रिटिश हद्दीचा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. दरबाराच्या संमतीशिवाय असे काम होणे शक्य नव्हते.

लस : हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेगचा जंतू सापडला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तो मांसाच्या पेजेसारख्या रसात वाढवला. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले जात. त्यांना धरून जंतूंची वाढ छतावरून लोंबणाऱ्या झुंबरांसारखी खाली उतरे. भांडे हलवले की ती तळाशी गळून पडे आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी सारे तापवून जंतू मारत व टिकाऊपणासाठी कार्बॉलिक अम्ल मिसळत. जंतू मेलेले असल्याने लशीतून प्लेग होण्याची भीती नसे. एकदोन दिवस ताप व दंड सुजणे मात्र ठरलेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली.

चाचणी : त्याआधी भायखळ्याच्या तुरुंगात टोचणी झाली होती, पण तेथे पुढे आलेल्या कैद्यांनाच लस दिली गेली. स्वेच्छेने येणारा मूळचाच धट्टाकट्टा असेल, ही शंका त्यामुळे राहते. उंधेऱ्यात ती टाळण्यासाठी कुटुंबे एकेक करून समोर घेतली गेली आणि स्त्रिया, पुरुष, मुले व अशक्त माणसे दोन्ही बाजूंना शक्य तितकी सारखी वाटली गेली. निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. तरी दोन्ही बाजूंचे घर, अन्न व शेजार एकच राहिले. हाफकिन व त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यानंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेले ७१ व न टोचलेले ६४ जण होते. टोचलेल्यांत ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्यांत २७ आजारी पडले, २६ दगावले. टोचलेल्यांना दुसऱ्या बाजूचेच प्रमाण लावले तर सुमारे २९ मृत्यू अपेक्षित होते, म्हणजे घट ९० टक्क्यांच्या जवळपास येते.

मूल्यमापन : हे आकडे टोचणाऱ्यांच्याच अहवालातले आहेत. २७ पैकी २६ मृत्यू हे प्रमाण गाठीच्या प्लेगलाही फार वाटते. न टोचलेल्यांतील सौम्य आजार नोंदीतून निसटले असावेत. म्हणून आजाऱ्यांच्या संख्येपेक्षा मृत्यूंची तुलना अधिक भरवशाची. टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने हाफकिन यांच्या एकूण आकडेवारीतील त्रुटी दाखवल्या. तरी लशीने आजार व मृत्यू दोन्ही घटतात, मात्र संरक्षण पूर्ण नसते, हा मुख्य निष्कर्ष त्याने मान्य केला.

एक गोष्ट आखणी करणाऱ्यांना ठाऊक नव्हती. उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, हे पोल-लुई सिमाँ यांनी त्याच वर्षी पुढे कराचीत दाखवले. एका घरातील सर्वांना तेच उंदीर, त्याच पिसवा. त्यामुळे कुटुंब विभागण्याची पद्धत हाफकिन यांना वाटली त्याहून बळकट ठरते. मात्र याच पद्धतीमुळे एकाच घरात कोणाला लस मिळाली, तर कोणाला मुद्दाम नाकारली गेली. न टोचलेल्यांतील ते २६ जण या पुराव्याची किंमत आहेत, आणि चाचणीचे कौतुक करताना ती वगळता येत नाही.

नंतरचा काळ : १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील दूषित लशीने १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले, ते १९०७ मध्ये दोषमुक्त ठरले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे.